मेडशीच्या तुरीत उतरलेले विमान

विमानात बसल्यावर कसे वाटते, असे हल्ली मला शाळेत विचारतात, वाचनालयात विचारतात. परवा तर न्हाव्याने वस्तरा थांबवून विचारले. मी विमानात होतो तो वेळ चहा निवायला लागतो त्याहूनही कमी, आणि ते विमान गेले सरळ तुरीच्या शेतात. आकाशाबद्दल सांगण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. वऱ्हाडातल्या मेडशी गावाबद्दल आणि तिथल्या एका घराबद्दल मात्र आहे. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी ते सावकाश लिहून काढतो आहे.

माझा धाकटा भाऊ मधू गेल्या दिवाळीत विषमज्वराने गेला. आईवडिलांच्या मागे त्याला मीच वाढवले होते. नागपूरला कॉलेजात असताना तो आणि मेडशीचा नेमासा, हा जैन दुकानदाराचा मुलगा, एका खोलीत राहत. वडील वारल्यावर नेमासाने कॉलेज सोडून गावचे दुकान धरले. मधू पुण्याला येऊन माझ्याच शाळेत शिकवू लागला. नेमासाची आई राजूबाई नागपूरला दोघांसाठीही फराळ धाडीत असे, आणि पुढे दर दिवाळीला तिच्याकडून मुगाच्या लाडवांचा डबा पुण्याला येऊ लागला. मधू तिला माय म्हणे. तो गेल्यावर मी शाळा आणि घर यांपलीकडे पाऊल टाकेनासा झालो, तेव्हा नेमासाचे पत्र आले. ‘दादा, चार दिवस इकडे या. माय वाट पाहते.’ पौषात रजा काढून निघालो.

पातूरचा घाट

अकोल्यापर्यंत आगगाडी आणि पुढे सर्व्हिस मोटार. आगगाडीबद्दल लिहीत नाही; ती सर्वत्र सारखीच. मोटारीत माझ्या शेजारी एक म्हातारा शेतकरी बसला होता. मांडीवर हिरव्या तुरीच्या शेंगांची टोपली. पातूर मागे पडले आणि चढ लागला तसे इंजिन तापले. ड्रायव्हर पाणी शोधायला गेला आणि उतारू रस्त्याकडेच्या सागांखाली पांगले. म्हाताऱ्याने माझ्यापुढे मूठभर शेंगा केल्या.

“खा ना. पुन्याले काय भेटते असं?”

मी पुण्याचा हे त्याने माझ्या छत्रीवरून ओळखले असावे. शेंगा सोलता सोलता त्याने माझ्या डोक्याकडे पाहिले. केस जेमतेम बोटभर वाढले होते.

“घरचं कोन गेलं?”

पुण्यात असे कुणी विचारत नाही. विचारायचे असेल तर आधी हवापाण्यावर बोलतात आणि मग विचारायचे राहूनच जाते. मी म्हणालो, “भाऊ. धाकटा.”

“अरारा,” म्हातारा म्हणाला. त्याने आणखी एक मूठ माझ्या उपरण्यात टाकली. दोन महिन्यांत माझे इतके सोपे सांत्वन कुणी केले नव्हते.

घाट संपला की एकदम सपाटी लागते. काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, ज्वारी कापून नेलेली रिकामी शेते. तिकडे शेताला वावर म्हणतात आणि बांधाला धुरा. पुढे हे दोन्ही शब्द मला फार जवळून समजायचे होते.

मेडशी

नेमासाचे दुकान सडकेवरच आहे. पुढे किराणा, बाजूला मोटारींसाठी पेट्रोलच्या टिनांची खोली, मागे अंगण आणि घर. तो मोटारीच्या दाराशीच उभा होता. मला पाहून त्याने फक्त ट्रंक उचलली.

राजूबाई साठीची, काटक. मी वाकलो तर तिने खांद्याला धरून उठवले आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मधूचा आणि माझा चेहरा सारखा आहे असे लोक म्हणतात. मग म्हणाली, “हातपाय धुवा, भाऊ. दिवस बुडाच्या आत जेवा लागते आमच्याकडे.”

सूर्यास्तानंतर त्या घरात कुणी पाण्याखेरीज काही घेत नाही, आणि राजूबाई तर पाणीही घेत नसे. आमच्या पुण्याच्या घरी रात्री नवाच्या आधी पाट मांडत नाहीत. इथे उन्हे अंगणात असतानाच ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, कढी आणि भात ताटात आले. कांदा नाही, लसूण नाही, तरी भाजीने डोळ्यांत पाणी आणले.

“तिखट लागलं काय?” राजूबाईने विचारले. “तुमी लोक भाजीत गूळ काहून घालता? मधू सांगे. मी म्हनलं, मंग गोडाच्या दिवशी काय घालता, मीठ?”

मी हसलो. ती हसली नाही, आणि तिच्यापुढे ताटही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हते तेव्हा नेमासाने ते सांगितले. “दादा, मायचं एकासन चालू हाय. दिवसातून एकदाच जेवते, तेही दोन घास. मधू गेल्याची तुमची चिठ्ठी आली तवापासून.”

“व्रत घेतलं आहे?”

“व्रत नाई. शिक्षा हाय. तिले वाटते, तिच्या लाडवानं झालं. डबा दिवाळीत पोचला अन् मधू दिवाळीतच गेला. मी लाख सांगतलं. मले म्हनते, तू तिथं होता काय? तुमी होते. तुमी सांगा तिले. अशानं ती उन्हाळा काढत नाई.”

सांगतो म्हणालो. सांगण्यासारखे होतेही. डबा आला त्याच्या आठवडाभर आधीच मधूला ताप चढला होता. डॉक्टरांनी तेव्हाच अन्न बंद केले होते. त्याने त्यांतला एकही लाडू खाल्ला नाही. पण हे सांगायचे तर तो आठवडा पुन्हा पहिल्यापासून उघडायला हवा होता; आणि लाडवाने तो गेला नाही हे सांगताना, त्याने तो चाखलाही नाही, हेही तिला सांगावे लागणार होते. मी दोनदा ओसरीवर जाऊन बसलो. एकदा तिने विचारले, “शेवटी काय खावंसं वाटलं त्याले?” मी म्हणालो, “फारसं काही नाही,” आणि पंचांगाकडे पाहू लागलो.

पुढचे दिवस मी तिला पाणी गाळताना पाहण्यात घालवले असे म्हणायला हरकत नाही. पाणी आमच्याकडेही गाळतात, पण घागरीच्या तोंडाला एकदा फडके बांधले की ते आठवडाभर तिथेच असते. इथे जाड कापड दुहेरी घडी करून, ओले करून, पिळून तोंडावर पसरायचे. गाळून झाले की ते उलटे धरून गाळलेल्या पाण्याने हळूच विसळायचे आणि ते पाणी पुन्हा विहिरीत सोडायचे, कारण कापडाला लागलेला जीव आपल्या हातून मरता कामा नये. हे रोज, प्रत्येक घागरीला. ते करताना तिच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असे ती मी मोठमोठ्या पंडितांच्या चेहऱ्यावरही पाहिलेली नाही. ज्या बाईने आयुष्यभर न दिसणाऱ्या जिवाची इतकी काळजी वाहिली, तिला आपल्या हातून माणूस गेला असे वाटत होते.

सखारामचे वावर

निघायच्या दिवशी सकाळी धुके होते. माझी ट्रंक बांधून झाली होती आणि अकोल्याची मोटार दुपारी यायची होती. तेवढ्यात डोक्यावरून घरघर गेली, परत आली, आणि गावातली झाडून सगळी माणसे सडकेकडे पळाली. सखाराम नावाच्या शेतकऱ्याच्या कापलेल्या ज्वारीच्या वावरात एक लहानसे दोन पंखांचे विमान धसकटांवर ठेचकाळत थांबले होते.

त्यातून एक लठ्ठ, हसरा पारशी गृहस्थ उतरला. फ्रामजी त्याचे नाव. नागपूरहून मुंबईला निघालेला, धुक्यात आगगाडीचे रूळ चुकला, पेट्रोल संपत आले. “वरून मोटार उभी दिसली. मी म्हटला, मोटार हाय तिथं पेट्रोल हाय!” त्याला फक्त अकोल्यापर्यंत जायचे होते, तिथून रूळ पुन्हा सापडले असते.

सखाराम म्हणाला, “साहेब, उतरले थे ठीक. पन तिकडं तूर उभी हाय, तिकडं नका नेऊ.”

पोरे पंखांवर चढू लागली म्हणून फ्रामजी विमान सोडून हलेना. त्याने नेमासाला एक नरसाळे आणि मऊ चामड्याचा तुकडा दिला. टिनात गंज असतो, पाणी असते. तेव्हा पेट्रोल या चामड्यातून गाळून स्वच्छ टिनांत भरून आण, असे बजावले. आम्ही घरी आलो. नेमासाने अंगणात, चुलीपासून दूर, टिन मांडले. चामडे नरसाळ्यावर घालतो तोच राजूबाई बाहेर आली.

“हे काय रे?”

“गाळनं हाय, माय. इमानाचं.”

“मेल्या जनावराचं कातडं माह्या घागरीपाशी ठेवतो? गाळाचंच ना? आमच्या घरी गाळनं नाई काय?”

“माय, त्यानं याच्यातूनच गाळाले सांगतलं.”

“त्याले काय मालूम? माह्या गाळन्यातून डोळ्याले न दिसनारा जीव जात नाई, तुह्या पेट्रोलातला कचरा जाते काय?”

नेमासा माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, “दादा, दोन महिन्यांनी माय भांडून राह्यली.” त्याचे डोळे चमकत होते. त्याने चामडे घडी करून खिशात घातले.

मग तिने घरातले सर्वांत उत्तम कापड आणले. ओले केले, पिळले, दुहेरी पसरले. नेमासा ओतत होता, मी टिन धरून होतो. प्रत्येक टिन झाला की ती कापड विसळून, पिळून पुन्हा लावी. पेट्रोल स्वच्छ दिसत होते. आम्हा दोन शिकलेल्या माणसांच्या मनात शंकादेखील आली नाही.

“गाळला ना बराबर?” फ्रामजीने वावरात विचारले.

“दोन पदरी,” नेमासा अभिमानाने म्हणाला.

पेट्रोल टाकीत ओतून झाल्यावर फ्रामजीने नेमासाला पुढच्या जागेवर बसायला सांगितले. “चल, अकोल्यापर्यंत हवा खा.” राजूबाई तोवर धुऱ्यावर येऊन उभी होती. तिने लेकाचे मनगट धरले ते सोडीना. मग मी म्हणालो, “मला अकोल्यालाच जायचं आहे.”

मी असे का म्हणालो? साहसाची मला आवड नाही. पुण्यात मी सायकलवरही बसत नाही. पण मोटार दुपारची होती आणि दुपारपर्यंत ओसरीवर राजूबाईसमोर बसायचे होते. शिवाय माझे मनगट धरणारे आता कुणी नव्हते. निदान मला तसे वाटले होते.

“भाऊ, तुमी काहून जाता?” ती मोठ्याने म्हणाली. “तुमी काय कोनाचेच नाई काय?”

मी ऐकले नाही असे केले. ट्रंक मागून मोटारीने यायची ठरली. कमरेला पट्टा बांधला. फ्रामजी मागच्या जागेवरून ओरडला, “मास्तर, घाबरायचा नाय! इंजिन फर्स्ट क्लास हाय!”

विमान धसकटांवरून धावले. दात दातांवर आपटत होते. मग एकदम हादरे थांबले, आणि सखारामच्या वावराकडेचे कडुनिंब माझ्या पायांच्या पातळीला आले. सडक दिसली, विहीर दिसली, धुऱ्यावरची राजूबाई बोटाएवढी दिसली. सुंदर होते, हे कबूल करतो. आणि इंजिन खोकले. एकदा, मग दोनदा, मग फुटल्यासारखे बोलले आणि गप्प झाले.

त्या शांततेत पंखांच्या तारांतून वारा शिट्टी घालत होता. मागून फ्रामजी गुजरातीत काहीतरी बोलला. त्याने विमान वळवले नाही. नाक खाली करून सरळ समोर घेतले. समोर पिवळट हिरवी तूर वर येत होती. अशा वेळी देव आठवतो म्हणतात. मला आठवले ते एवढेच, की तिला सांगायचे राहिले. आता ते जाणणारे कुणीच उरणार नाही, आणि ती बाई उपाशी राहून मरेल. आयुष्यात मला कशाची इतकी घाई झालेली नाही.

चाके तुरीत शिरली, काहीतरी मोडले, धुरा आला आणि विमानाने त्यात नाक खुपसले. शेपूट वर. मी पट्ट्याला लोंबकळत होतो, सदऱ्यात तुरीच्या शेंगा गेल्या होत्या, ओठ फुटला होता.

“मास्तर! जीवता हाय?”

“आहे,” मी म्हणालो, आणि माझाच आवाज ऐकून मला हसू फुटले. ते थांबेना.

सगळ्यांत आधी सखाराम पोचला. “माही तूर!” असे ओरडत तो आला. आम्हाला हलताना पाहिले आणि आरोळी बदलली. “जिते हायेत! दोघं बी जिते हायेत! अबे पानी आना!” त्याने मला काखेत धरून खाली घेतले. माझा चष्मा तुरीच्या एका झाडावर अगदी खुंटीवर ठेवल्यासारखा अडकला होता, शाबूत. फ्रामजीच्या मनगटाचे हाड मोडले होते. गावातल्या एका धनगराने बांबूच्या कांबी बांधून ते असे बसवले, की पुढे अकोल्याच्या डॉक्टरने ते सोडलेच नाही.

हात बांधून झाल्यावर फ्रामजी विमानाशी वाकला. एक लहान तोटी सोडून त्याने पेट्रोल दुसऱ्या तळहातावर घेतले. तळहातावर पाण्याचे थेंब मण्यांसारखे वेगळे लोळत होते. तो नेमासाला म्हणाला, “चामडा कुठे हाय?” नेमासाने मुकाट्याने खिशातून काढले. कोरडे. फ्रामजीने ते पाहिले, मग अंगणात काय घडले ते ऐकले, आणि मोठा श्वास सोडून म्हणाला, “उडवायच्या आधी तोटी सोडून बघायचा काम माझा. मी बघितला नाय. संपला.”

ओसरी

आम्हाला घरी आणले तोवर दुपार कलली होती. फ्रामजीला खाट दिली, मला हळदीचे दूध. राजूबाई खांबाला टेकून बसली होती. ती धुऱ्यावरून कशी आली ते तिलाही सांगता येत नव्हते.

“काहून पडलं थे?” तिने फ्रामजीला विचारले.

“पेट्रोलमधी पानी आला, माय. टिनमधी असते कधी कधी.”

“टिन तं गाळले होते.”

“तरी बी येते.” फ्रामजी भला माणूस. त्याने डोळे मिटून घेतले.

तिने नेमासाकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. मग तिने माझ्याकडे पाहिले, आणि मला कळले की माझेही आता काही खरे धरायचे नाही असे तिने ठरवले आहे. पुणेरी माणूस, सभ्य, बरे वाटेल तेच बोलणार. फ्रामजीच्या मागोमाग मी तिला मधूचे काही सांगितले असते, तर तेही तिने त्याच टिनात टाकले असते.

मी म्हणालो, “राजूबाई, पाणी तुमच्या गाळण्यातलं होतं. कापड ओलं होतं. प्रत्येक टिनाला तुम्ही ते पुन्हा ओलं केलंत. चामड्यातून पाणी जात नाही, म्हणून ते सांगितलं होतं.”

“दादा!” नेमासा उठून उभा राहिला.

“बस,” ती म्हणाली. “बोलू दे त्याइले.” तिचे ओठ पांढरे झाले होते. “म्हनजे माह्याच हातानं.”

“हो. हे तुमच्या हातून झालं. आम्ही दोघांनी पाहिलं आणि आम्हालाही कळलं नाही. पण आम्ही वाचलो. मधूचं मात्र तुमच्या हातून झालेलं नाही.”

ती खांब सोडून ताठ बसली.

“तुमचा डबा आला त्याच्या आठवडाभर आधीच तो अंथरुणाला खिळला होता. त्याला नुसतं पाणी आणि जवाची पेज चालू होती. त्याने तुमचा लाडू खाल्ला नाही, राजूबाई. एकही नाही.”

“एक बी नाई?”

“नाही. डबा उशाशी ठेवून घेतला. जो भेटायला येई त्याच्या हातावर एक ठेवी आणि समोर बसवून खायला लावी. डॉक्टरांनाही सोडलं नाही. मग विचारी, ‘कसा झालाय? वेलदोडा जास्त आहे ना? माय नेहमी जास्त घालते.’ मीही खाल्ला. आम्ही सगळे ठणठणीत आहोत.”

बराच वेळ ती पदराच्या काठाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, “जास्तच घालतो मी. त्याले आवडे म्हनून.” आणि रडू लागली. नेमासा पुढे झाला तर तिने हाताने थांबवले. रडणे ओसरल्यावर तिने तोंड पुसले आणि माझ्याकडे वळून बसली.

“इमानाचं खरं सांगतलं तुमी. म्हनून हे बी खरं. आता पयल्यापासून सांगा. ताप कवा आला, कोन होतं जवळ, काय काय बोलला.”

मग मी सांगत गेलो. जे मी शाळेत कुणाला सांगितले नव्हते, स्वतःशीही नीट म्हटले नव्हते, ते सगळे. ती मध्ये मध्ये विचारी. खिडकी उघडी होती का? हसला का कधी? मलाही विसरलेल्या गोष्टी आठवत गेल्या. एकदा फ्रामजीही खाटेवरून म्हणाला, “पोरगा चांगला होता.” तो जागाच होता.

सांगून संपले तेव्हा राजूबाई उठली. “नेमा, ताट कर. भूक लागली.” नेमासा धावतच आत गेला. तिने अंगणात पाहिले आणि कपाळावर हात मारला. “दिवस बुडाला की रे!” आणि ती हसली, मोठ्याने, दात नसलेल्या बाजूने. “जाऊ दे. एका रातीनं काई मरत नाई मी.”

मी आणखी एक मुक्काम केला. फ्रामजीला दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने अकोल्याला पाठवले. विमानाचे पंख सुटे करून दोन बैलगाड्यांवर चढवताना सखाराम हुकूम सोडत होता आणि तुरीची भरपाई फ्रामजीने आधीच दिली असतानाही हळहळत होता. मी ते सगळे पाहिले, पण माझे लक्ष घराकडे होते. दुपारी राजूबाई जेवली. ते रोजचेच होते. उन्हे तिरपी झाली, अंगणातून भिंतीवर चढली, तशी ती हात धुऊन त्या दिवशी दुसऱ्यांदा पाटावर येऊन बसली.

नेमासा भात वाढत होता. त्याची नजर ताटावर नव्हती, तिच्यावर होती.

“सांडशील, नीट वाढ,” ती त्याच्यावर खेकसली. “अन् कढी कुठं हाय?”